चॅनल सोळाचा आवाज बारीक करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना

नवीन पनवेल

पोरांनो,

तुमच्यातले कित्येक जण आता सेकंड ऑफिसर, चीफ ऑफिसर झालात, काही जण कॅप्टनही आहेत. तरी मी तुम्हाला पोरांनोच म्हणणार. या पनवेलच्या एका वर्गात मी तुम्हाला जीएमडीएसएस, म्हणजे जहाजावरची संकटकाळची रेडिओ यंत्रणा, शिकवलं. तुमच्या हातात रेडिओ ऑपरेटरचं, जीओसीचं सर्टिफिकेट पडलं तेव्हा माझ्या पाया पडलात. आज हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण एकेकट्याशी फोनवर बोललो की तुम्ही "हो सर" म्हणता आणि घरच्यांची चौकशी करायला लागता.

मी दुखावलो आहे. का, ते सांगतो.

दिवाळीत तुमच्यातला एक जण घरी आला होता. चीफ ऑफिसर झाल्याचे पेढे घेऊन आला होता, सोबत त्याच्याच बॅचचे आणखी दोघे. बोलता बोलता म्हणाला, "सर, डीएससीचा अलार्म वाजला ना, की आधी बटण दाबून गप्प करायचा. काय आलंय ते मग बघायचं, वेळ मिळाला तर. आणि अँकरेजला सोळाचा आवाज खालीच ठेवतो, नाहीतर डोकं उठतं." ज्या यंत्रावर आणि ज्या चॅनलवर बुडणाऱ्याची हाक येते, त्यांच्याबद्दल तो बोलत होता. पण त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि बाजूचे दोघे मान डोलवत होते. मी चहा आणायला आत गेलो आणि बराच वेळ ओट्यापाशी उभा राहिलो.

नंतर दुसऱ्या एकाने रेडिओ लॉगबुकच्या पानाचा फोटो पाठवला. तपासणीला पोर्ट स्टेट कंट्रोलवाले येणार होते, "सर, फॉरमॅट बरोबर आहे ना?" फॉरमॅट बरोबर होता. पण महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकच शाई, एकच हात, बॅटरीचं व्होल्टेज रोज तेवढंच. आठवड्याच्या टेस्ट कॉलला किनाऱ्यावरच्या केंद्राचं उत्तर आल्याची नोंद होती, आणि दर आठवड्याला वेळ अगदी तीच, मिनिटासकट. मी रेडिओ ऑफिसर होतो, पोरांनो. एका बैठकीत लिहिलेलं लॉगबुक मला ओळखू येतं.

तुम्हाला हे वर्गात सांगितलं होतं, आज पुन्हा सांगतो. आमच्या रेडिओ रूममध्ये भिंतीवर एक घड्याळ असायचं. त्याच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल रंगाच्या पट्ट्या असत. तासातून दोन वेळा, तीन-तीन मिनिटं, ५०० किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी बोलणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं. कुठे तरी एखादा ऑपरेटर थकलेल्या बॅटरीवर मोर्सची चावी दाबत असेल, तर त्याचा क्षीण आवाज गलबल्यात बुडू नये म्हणून. तशाच हिरव्या पट्ट्या २१८२ किलोहर्ट्झच्या फोनसाठी, तासाच्या सुरुवातीला आणि अर्ध्या तासाला. पोटापाण्याचे संदेश तुंबलेले असले तरी त्या तीन मिनिटांत चावीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

१ फेब्रुवारी १९९९ पासून ते सगळं संपलं. जीएमडीएसएस पूर्णपणे लागू झाली, मोर्स गेला, आणि ऐकण्याचंच ज्याचं काम होतं तो माणूस जहाजावरून उतरला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उपग्रह, चॅनल ७० वरचा डीएससी, बुडल्यावर आपोआप सुटून वर येणारा आणि इशारा पाठवणारा ईपर्ब, रडारवर ठिपक्यांची रांग उमटवणारा सार्ट, हे सगळं माझ्या चावीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. यंत्राने माझी जागा घेतली तेव्हा मी ते शिकलो आणि तुम्हाला शिकवलं. मात्र माझं ऐकण्याचं काम त्या दिवशी ब्रिजवरच्या वॉचकीपरकडे, म्हणजे तुमच्याकडे आलं. ते कुणी रद्द केलेलं नाही.

टायटॅनिकची गोष्ट तुम्ही सिनेमातून शिकलात. मी ती तुम्हाला रेडिओच्या बाजूने सांगितली होती. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जवळपास असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक ऑपरेटर दिवसभराचं काम संपवून, सेट बंद करून झोपला होता. तो कामचुकार नव्हता, त्याची पाळी संपली होती. त्याहून लांब असलेल्या कार्पेथियाच्या ऑपरेटरच्या कानाला झोपण्याआधी हेडफोन अजून लागलेला होता, म्हणून त्याने हाक ऐकली आणि सातशेहून जास्त माणसं वाचली. अहोरात्र रेडिओ वॉच ठेवण्याचा नियम त्यानंतरच्या १९१४ च्या पहिल्या सोलास करारात, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेच्या करारात आला. तुम्ही एका बोटाने जो आवाज खाली करता, तो ऐकण्याचा नियम इतक्या माणसांच्या मरणातून आलेला आहे.

आणि तुमच्यातले बरेच जण रायगड-रत्नागिरीचे. रामदास बोटीचं नाव तुमच्या घरात कधी ना कधी निघालेलं असणार. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईपासून इतक्या जवळ, आणि मुंबईला कळायला कित्येक तास लागले, कारण बोटीवर वायरलेसच नव्हती. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांमध्ये माणसं ओढून घेतली, ते वेळेवर तिथे होते म्हणून. बुडणाऱ्या माणसांनी हाक मारली होती, ती पाण्याच्या पलीकडे पोचवणारं काहीच नव्हतं. तुमच्या ब्रिजवर सगळं आहे. डोक्यावर स्पीकर आहे, हाताशी मायक्रोफोन आहे, आणि तुम्ही त्याचं बटण फिरवून ठेवता.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. सहा तास काम, सहा तास सुट्टी, त्या सुट्टीतही कागद भरायचे. एमएफ-एचएफ सेटवर रात्री अडीचला अलार्म वाजतो आणि तो हजारो मैलांवरच्या कुठल्या तरी समुद्रातला, पुन्हा पुन्हा रिले झालेला निघतो. चॅनल सोळावर कुणी गाणी लावतं, कुणी शिट्ट्या वाजवतं, कुणी शिव्या देतं. ईपर्बच्या इशाऱ्यांपैकी बहुसंख्य खोटे निघतात. दहा वेळा धावत जाऊन काहीच नसेल तर अकराव्या वेळी माणूस उठत नाही, हे मी समजू शकतो. पण ही खोटी हाक येते कुठून? तुमच्यासारख्याच ब्रिजवरून. कुणी लाल झाकण उघडून चुकून बटण दाबतं आणि ऑफिसच्या भीतीने सेट बंद करून गप्प बसतं.

चुकून अलर्ट गेला तर काय करायचं, हे मी तुम्हाला इतक्या वेळा घोकून घेतलं की तुम्ही कंटाळायचात. सोळावर या, सगळ्या स्टेशनांना तीनदा हाक द्या, जहाजाचं नाव, कॉल साइन आणि एमएमएसआय नंबर सांगा, वेळ सांगा, अलर्ट रद्द केला म्हणा. एका मिनिटाचं काम. त्यासाठी कुणाला शिक्षा व्हायला नको, आणि जो कॅप्टन त्यासाठी आपल्या ज्युनिअरला झापतो तोही माझाच विद्यार्थी असू शकतो, ही गोष्ट मला जास्त लागते. तुम्ही गप्प बसलात की तटरक्षक दलाचं विमान रिकाम्या समुद्रावर घिरट्या घालतं, आणि पुढच्या खऱ्या हाकेवरचा कुणाचा तरी विश्वास उडतो.

आता जरा आपल्या उरण-करंजाच्या कोळ्यांकडे पाहा. त्यांची बोट सोलासच्या तीनशे टनांच्या रेषेत कधी बसली नाही. इस्रोने त्यांच्यासाठी डॅट नावाचं छोटं यंत्र केलं, २०१० पासून ते वापरात आहे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला कळतं. पण आधीच्या डॅटमध्ये उत्तर यायची सोय नव्हती. बोटीत पाणी शिरतंय, तांडेलाने बटण दाबलंय, आणि कुणाला कळलं की नाही हेच त्याला कळत नाही. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित डॅटमध्ये पोच मिळते. ती पोच म्हणजे काय, हे भर समुद्रात इंजिन बंद पडलेल्या तांडेलाला विचारा. तुमच्या सेटवर आलेला डीएससी अलर्ट न वाचता बंद करता, तेव्हा तुम्ही कुणाची तरी हीच पोच अडवून धरता.

तौक्ते वादळाला अजून फार वर्षं झालेली नाहीत. १७ मे २०२१ ला बॉम्बे हायच्या बाजूला पी-३०५ बार्जचे नांगर तुटले, बार्ज वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची आणि बाकीच्या नौदलाच्या जहाजांनी त्या लाटांमधून माणसं काढली. वरप्रदा हा टगही बुडाला, आणि बार्ज व टग मिळून ८६ जण गेले. त्या आठवड्यात पनवेलमध्ये आम्ही टीव्हीसमोर बसून आकडे पाहत होतो आणि इथल्या बऱ्याच घरांतून फोन फिरत होते, कारण ऑफशोअरला जाणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. वादळाचा इशारा आधीच दिलेला होता. आपल्या किनाऱ्यावर इशारे देण्यासाठी नॅव्हटेक्सची केंद्रं उभी केली आहेत, त्यातलं एक आपल्या वेंगुर्ल्याला. तुमच्या ब्रिजवरच्या नॅव्हटेक्सचा संदेश कोण वाचतं? कागद संपल्याची रेघ दिसली की रोल बदलणारं कुणी आहे का? हे मी तुम्हाला टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच उत्तर हवं आहे.

वर्गात तुमचा एक प्रश्न मला नेहमी टोचायचा: "सर, हे ओरल्सला येतं का?" येतं, म्हणून तुम्ही पाठ केलंत. मेडे तीनदा, जहाजाचं नाव तीनदा, पोझिशन, काय झालंय, कसली मदत हवी, किती माणसं. बोलायचं कसं ते सगळ्यांना येतं. दुसऱ्याचा मेडे आला तर हातातलं काम टाकून सोळावर कान द्यायचा, किनाऱ्याच्या केंद्राने उत्तर दिलं का ते पाहायचं, नसेल दिलं तर कॅप्टनला उठवायचं आणि रिले करायचं, हे परीक्षेत पाच मार्कांना होतं. माझ्या नोकरीत ते शंभर मार्कांचं होतं.

गुरुपौर्णिमेला तुमचे मेसेज येतात, फुलांचे फोटो येतात, कुणी शाल पाठवतं. यंदा त्यातलं काही नको. प्रत्येकाने आपल्या जहाजाच्या ईपर्बच्या नोंदणीचे कागद काढा. भारतीय जहाजांच्या ईपर्बांची नोंदणी बंगळुरूला असते. अलर्ट गेला की बचाव केंद्र खात्री करायला त्या कागदावरच्या नंबरला आधी फोन करतं. जहाज विकलं जातं, कंपनी बदलते, तो नंबर तसाच राहतो. तो कुणाचा आहे, अजून लागतो का, उचलणाऱ्या माणसाला तुमच्या जहाजाचं नाव माहीत आहे का, हे स्वतः फोन लावून बघा. लागत नसेल तर बदलून घ्या, आणि बदलल्याची तारीख मला कळवा. मी वहीत लिहून ठेवणार आहे.

तुमचे,
सर