जुलाब लागताच आधी जलसंजीवनी



पावसाळ्यात फुटक्या जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरते, विहिरीत ओढ्याचे पाणी उतरते आणि गॅस्ट्रोची साथ पसरते. मग दवाखान्यादवाखान्यांत एकच मागणी सुरू होते, ‘डॉक्टर, सलाईन लावा.’ या मागणीचा आपण फेरविचार करावा, म्हणून हे आवाहन. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने; आणि ही झीज पहिल्या जुलाबापासून घरच्या घरी भरून काढता येते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनचा साठा संपू लागला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी, म्हणजेच जलसंजीवनी (ओआरएस), पिंपांत भरून ठेवले. रुग्णांना ते पाजले प्रामुख्याने नातेवाइकांनी. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ असे घरोघरी म्हणतात. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे खरेच. पण बिघडलेल्या आतड्यातही ग्लुकोजच्या सोबतीने मीठ शोषले जाते आणि मिठामागोमाग पाणी. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे: जलसंजीवनीची एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळावी, आणि ते पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. शीतपेयातली जादा साखर उलट जुलाब वाढवते. ‘उलटीत सगळे पडते’ ही अडचणही खरी आहे. अशा वेळी दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजावे. बाळाचे अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. सलाईन निरुपयोगी आहे, असे नाही. रुग्ण गुंगीत असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद असेल किंवा काही पिताच येत नसेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. शौचात रक्त दिसले तरीही डॉक्टरांना दाखवावे. मात्र वाटेतही शुद्धीवरच्या रुग्णाला घोट-घोट पाजत राहावे.

हा आजार विष्ठेतून हाताला आणि हातातून तोंडात जातो. त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवावेत. बाळाची शीसुद्धा शौचालयातच टाकावी. एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब दिसले, तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे आणि पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर पडते का, हे ग्रामपंचायतीला विचारावे. आणि आशाताईंकडून जलसंजीवनीच्या दोन पुड्या आजच आणून घरात ठेवा.