वैमानिक व्हायचे आहे? मग क्लासच्या आधी डोळे तपासा!

बारावीचे निकाल लागले की आम्हा डॉक्टरांकडे एक निराळीच गर्दी सुरू होते. ही मंडळी आजारी नसतात. त्यांना हवे असते ते फिटनेस सर्टिफिकेट. पूर्वी यात पोलीस भरती, सैन्य भरती आणि फार तर मर्चंट नेव्हीची मुले असत. अलीकडे वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुला-मुलींची त्यात भर पडली आहे. इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या विमान कंपन्या 'कॅडेट पायलट' या नावाने बारावी झालेली मुले स्वतः निवडतात आणि ठरवून दिलेल्या संस्थेत त्यांचे शिक्षण करवून घेतात. गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर या नावांशी विमान शिकवणाऱ्या संस्था जोडल्या गेल्या आहेत. अमरावतीजवळ बेलोरा येथे मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. म्हणजे विमान आता मुंबई-दिल्लीच्या साहेबांच्या मुलांचे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावची मुलगीही विमान चालवण्याचे स्वप्न पाहते, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

माझी तक्रार आहे ती या तयारीच्या क्रमाबद्दल. लोक आधी क्लास लावतात, मग कर्जाची चौकशी करतात, मग अर्ज भरतात आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांकडे येतात. हा क्रम नेमका उलटा हवा.

मागे एक शेतकरी कुटुंब आले होते. मुलगा हुशार, गणितात पैकीच्या पैकी. शहरातील एका क्लासला पहिला हप्ता भरून झालेला, जमिनीवर कर्ज काढायची कागदपत्रे तयार. क्लासने दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मागितल्या होत्या, बँकेचे पुस्तक मागितले होते, डोळ्यांचे मात्र कोणी विचारले नव्हते. मी ठिपक्यांच्या आकड्यांचे पुस्तक पुढे धरले. पहिले पान त्याने वाचले, पुढच्या पानांवर त्याला आकडाच दिसेना. लाल आणि हिरवा हे रंग त्याला नीट वेगळे करता येत नव्हते, आणि अठरा वर्षांत ते ना त्याच्या लक्षात आले होते, ना घरच्यांच्या! तपासणीला पाच मिनिटे लागली. ती पाच मिनिटे पहिला हप्ता भरण्याआधी कोणी काढली असती तर?

या व्यवसायाच्या शिक्षणाचा खर्च कोटी रुपयांच्या घरात जातो. एवढी रक्कम सामान्य घराने उभी करायची म्हणजे घर किंवा जमीन गहाण पडते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की उमेदवाराची वैद्यकीय तपासणी झाल्याखेरीज कोणत्याही क्लासने त्याच्याकडून एक पैसाही घेऊ नये. क्लासवाल्यांना हे पटेल अशी आशा नाही. निदान आई-वडिलांनी तरी हा नियम स्वतःला घालून घ्यावा.

आता तपासणी म्हणजे काय ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली 'क्लास टू', जी डीजीसीएच्या यादीवरील डॉक्टर करतात. तुमच्या-आमच्या फॅमिली डॉक्टरचा दाखला तेथे चालत नाही. त्यानंतरची 'क्लास वन' जास्त कसून होते आणि ती ठरावीक मान्य केंद्रांवरच होते. बंगळुरूची हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन हे त्यातले जुने नाव. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना क्लास वनशिवाय मिळत नाही आणि नोकरी लागल्यावरही ही तपासणी किमान दरवर्षी द्यावी लागते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, कान, नाक, घसा, डोळे असे सारे पाहिले जाते.

चष्मा असलेली मुले उगाच खचून जातात. चष्मा आहे म्हणून कोणी बाद होत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसले पाहिजे, आणि ते चष्मा लावून दिसले तरी चालते. लेसर शस्त्रक्रिया करून चष्मा घालवायची घाई मात्र करू नये. तिच्यानंतर ठरावीक काळ थांबावे लागते, कागदपत्रे द्यावी लागतात. आधी डीजीसीएच्या यादीवरील डॉक्टरांना विचारावे, मग शस्त्रक्रियेचा विचार करावा.

रंगांचे प्रकरण वेगळे आहे. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक रांग असते. विमान योग्य उंचीवरून उतरत असेल तर वैमानिकाला दोन दिवे पांढरे आणि दोन लाल दिसतात. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आले आहे असे समजायचे. समोरून येणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. तो कोठे चालला आहे हे रात्री त्यावरूनच कळते. ज्याला हे रंग ओळखता येत नाहीत त्याच्या हाती दीडशे-दोनशे प्रवासी कसे सोपवायचे? ठिपक्यांची ती पाने इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली तयार केली. त्यांत कोणी अडले तर पुढे आणखी बारकाईने तपासण्याची सोय आहे, तेव्हा एका पानावर अडखळल्याने सारे संपले असे समजू नये. पण पाने पाठ करून येणारे आणि पाठ करवून घेणारे महाभागही आहेत! ही लबाडी एकदा खपली तरी दरवर्षीच्या तपासणीत कधीतरी उघडी पडते. तोवर कर्ज दुपटीने वाढलेले असते.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात. म्हणून मुलाच्या मामांना आणि आजोळच्या आजोबांना रंग ओळखताना अडचण होते का, ते विचारून पाहावे. मुलींमध्ये हा दोष क्वचितच आढळतो. शाळांमध्ये नेत्र तपासणी शिबिरे होतात, तेथे आठवी-नववीच्या मुलांना ही पाने एकदा दाखवली तर किती घरांचे पैसे वाचतील! त्याला ना मोठे यंत्र लागते, ना वीज.

कानांबद्दल मी थोडे रागानेच लिहिणार आहे. ऐकण्याच्या चाचणीत वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त तूट नसावी, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो आधी या उंच पट्टीतच, ४००० हर्ट्झच्या आसपास. रोजचे बोलणे ऐकू येत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. आपल्याकडे वरातीत आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणारी पोरे, आणि उरलेला दिवस कानात बोंडे खुपसून बसणारी पोरे, आपला कान रोज थोडा थोडा खर्च करत आहेत. वैमानिकाचे निम्मे काम कानाने चालते. तपासणीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत तर मिरवणुकीच्या जवळपासही फिरकू नये. तात्पुरता बहिरेपणाही आलेखात उमटतो. कानात मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा, काडी घालू नये.

सर्दी-पडसे असताना तपासणी पुढे ढकललेली बरी. नाक आणि कान यांना जोडणारी नळी सुजली की कानाच्या पडद्यामागचा दाब बाहेरच्या हवेशी जुळत नाही. जमिनीवर त्याचा फारसा त्रास नाही, पण विमान खाली उतरू लागले की कान असा काही दुखतो की विचारू नका! घाटात एसटीत ओकारी होते म्हणून काळजी करणारे पालकही भेटतात. बहुतेकांची ही तक्रार सवयीने जाते.

रक्तदाब, वजन, मुलींमधले कमी हिमोग्लोबिन ही कारणे बहुधा 'तात्पुरते अपात्र' या सदरात मोडतात. उपचार करून पुन्हा जाता येते, निकाल मान्य नसेल तर अपिलाचीही सोय आहे. पण हिमोग्लोबिन आठवड्यात वाढत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. म्हणून तपासणी लवकर करावी. मुलींनी पालेभाजी, कडधान्ये, वर लिंबू पिळून खावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितल्यास लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

दारूबद्दल सांगायलाच नको. वैमानिकाच्या श्वासात ती शून्य लागते. अल्कोहोल असलेले माउथवॉशही उड्डाणाआधी चालत नाही, असे डीजीसीएने २०२३ साली बजावले. कित्येक पातळ औषधांतही अल्कोहोल असते, याची जाण आतापासूनच ठेवावी. गुटखा आणि तंबाखूचे तर नावच काढू नये.

शरीराचे झाले. आता मनाचे. कंपनीच्या निवडीत गणित, फिजिक्स, इंग्रजीची परीक्षा असते. मग संगणकावर चाचणी होते. तिच्यात एका हाताने दांडा सांभाळायचा, डोळ्यांनी ठिपक्याचा पाठलाग करायचा, कानांनी आकडे ऐकायचे आणि मध्येच बेरीज करायची. तोंडी हिशेब येत असेल तर हे सोपे जाते. तीस हजार फुटांवरून खाली यायला किती मैल आधी सुरुवात करावी? हजारांच्या आकड्याला तिनाने गुणा, सुमारे नव्वद सागरी मैल. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी पाठ असे. नातवाने निदान तिसापर्यंतचे पाढे म्हणावेत. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून रोज अर्धा तास तोंडी गणिते करणे, हा कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरइतकाच चांगला सराव आहे. इंग्रजी मोठ्याने वाचावे, मित्राशी बोलावे. मराठी माध्यमाचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. तेथे अलंकारिक भाषा लागत नाही, स्वच्छ आणि थोडक्यात बोलणे लागते.

रात्र-रात्र जागून या चाचणीची तयारी करणाऱ्यांची मात्र मला कीव येते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. म्हणजे रात्रभर अभ्यास करून सकाळी परीक्षेला बसणारा मुलगा जवळजवळ झिंगूनच बसतो.

त्यानंतर गटचर्चा आणि मुलाखत. येथे आपली मुले एका वेगळ्याच कारणाने मागे पडतात. 'मोठ्यांपुढे बोलू नये' हे आपण त्यांना लहानपणापासून शिकवतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. दाट धुके होते. निघालेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने ती विचारलीही, पण अनुभवी कॅप्टनने ती बाजूला सारली आणि पुन्हा कोणी जोर धरला नाही. या आणि अशा इतर अपघातांनंतर जगभर वैमानिकांना एकमेकांशी बोलायचे शिक्षण देणे सुरू झाले. म्हणून निवड करणारे पाहतात ते हेच, की हा मुलगा दुसऱ्याचे ऐकतो का, आणि चूक दिसली तर ज्येष्ठालाही नम्रपणे पण ठामपणे सांगतो का. हे क्लासमध्ये चार दिवसांत येत नाही. घरात जेवताना बापाचा हिशेब चुकला आणि मुलीने तो दाखवला, तर तिला गप्प न बसवणे ही त्याची तयारी!

शेवटी लपवाछपवीबद्दल. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्स पर्वतात विमान आदळवले, १५० जण गेले. डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी त्याने कंपनीपासून लपवली होती. नैराश्य असणारा प्रत्येक माणूस असा नसतो, उपचाराने बहुतेक बरे होतात. त्यामुळे उदास वाटते, झोप लागत नाही हे डॉक्टरांना सांगायला लाजू नये. फिट आली होती, डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती, मोठे ऑपरेशन झाले होते, हेही फॉर्मवर खरे लिहावे. बाळपणी तापात आलेला झटका आणि अपस्मार यांत फरक असतो, पण तो कागदांवरूनच सिद्ध होतो. म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डे, चष्म्याचे जुने नंबर, एक्स-रे हे सगळे एका पिशवीत घालून न्यावे. तपासणीच्या गावी आदल्या दिवशी पोहोचावे, रात्रीच्या एसटीतून थेट केंद्रावर जाऊ नये. रक्त उपाशीपोटी घ्यायचे असेल तर डबा सोबत ठेवावा. आणि त्या दिवशी एकादशी असली तरी निर्जळी उपवास करू नये, पांडुरंग रागावणार नाही.