मास्तर सभागृहात गेले, मतदार घरीच राहिला!

राजकारणात चांगली माणसे येत नाहीत, ही आपल्या सुशिक्षित घरांतील नित्याची तक्रार आहे. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की चहाच्या घोटाबरोबर ती उच्चारली जाते आणि कप खाली ठेवताच विसरलीही जाते. ज्यांनी राज्यघटना सिद्ध केली, त्यांनी या तक्रारीची दखल फार पूर्वीच घेऊन ठेवली होती, याचे स्मरण मात्र फार थोड्यांना असते. घटनेच्या १७१ व्या कलमानुसार विधान परिषदेच्या जवळजवळ एक द्वादशांश जागा पदवीधरांनी आणि तितक्याच जागा शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात प्रतिनिधी बसतात. जात, पैसा आणि मनगटशाही यांच्या गदारोळातही विद्येचा आवाज सभागृहात उमटावा, एवढीच त्यामागील अपेक्षा. ही अपेक्षा पूर्ण होऊ शकते काय? एकदा तरी ती पूर्ण झाली होती, असे ठामपणे म्हणता येते. आणि त्याची साक्ष प्रा. ग. प्र. प्रधान यांची कारकीर्द देते.

प्रधान मास्तर आमच्या विचारांचे नव्हते. ते आयुष्यभर समाजवादी राहिले आणि संघविचाराशी असलेला आपला मतभेद त्यांनी कधी लपविला नाही. आमचे वडील स्वयंसेवक. मास्तरांच्या विचारसरणीला आमच्या घरून मत मिळणे कठीणच होते. पण गावात त्यांचे व्याख्यान असले की वडील आम्हा मुलांना आवर्जून पाठवीत. “मत कोणाला द्यायचे ते मोठेपणी ठरवा, बोलायचे कसे ते आज ऐकून या,” असे ते म्हणत. विरोधकाच्या घरातही ज्याच्या शब्दाला असा मान मिळतो, तो लोकप्रतिनिधी कोणत्या घडणीचा असेल?

ती घडण वर्गात झाली होती. १९२२ साली जन्मलेल्या प्रधानांनी बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास सोसला आणि नंतर सुमारे वीस वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले. अ. के. भागवत यांच्या सहकार्याने त्यांनी इंग्रजीत लिहिलेले लोकमान्य टिळकांचे चरित्र आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. १९६६ साली पुणे पदवीधर मतदारसंघाने त्यांना विधान परिषदेवर पाठविले आणि एकदा नव्हे, तर सलग तीन वेळा पाठविले. अठरा वर्षे ते त्या सभागृहात होते. १९८० ते १९८२ या काळात त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. एवढ्या वर्षांत आणि एवढ्या पदानंतरही लोकांनी त्यांना ‘साहेब’ म्हटले नाही. ते शेवटपर्यंत ‘मास्तर’च राहिले. राजकारणात शिरलेल्या शिक्षकाला याहून मोठी पदवी कोणती?

फर्ग्युसनमधून विधिमंडळाकडे जाणारी ही वाट त्यांच्याही आधीची होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले याच महाविद्यालयात शिकवीत होते. तेथून १९०२ साली निवृत्त होऊन ते मध्यवर्ती कायदेमंडळाच्या कामात पूर्णपणे उतरले. अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे गाजली, ती आवाजाच्या जोरावर नव्हे, तर आकड्यांच्या जोरावर. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ साली मांडले. परकीय सत्तेच्या त्या सभागृहात पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. परंतु शिक्षकाने पेरलेले उगवायला वेळ लागतो. घटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ साली शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. मध्ये शतकभराचा काळ गेला. पाच वर्षांच्या हिशेबात विचार करणाऱ्या राजकारणाला असा धीर कोठून येणार? तो वर्गातच येतो, कारण आज शिकविलेल्याचे फळ वीस वर्षांनी दिसते, हे शिक्षकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

प्रधानांच्या कारकिर्दीची खरी परीक्षा आणीबाणीने घेतली. २५ जून १९७५ रोजी देशावर अंधार पसरला आणि विधान परिषदेचा हा विद्यमान सदस्य येरवड्याच्या कारागृहात स्थानबद्ध झाला. सरसंघचालक बाळासाहेब देवरस त्याच कारागृहात होते. पुणेकरांनी विधानसभेवर पाठविलेले रामभाऊ म्हाळगीही त्या काळात बंदिवासात होते. एरवी परस्परांच्या सभांकडे पाठ फिरविणारी माणसे एकाच भिंतीआड आली. संघाचा स्वयंसेवक म्हणजे काय, हे अनेक समाजवाद्यांनी तेथे प्रथमच जवळून पाहिले आणि समाजवादी कार्यकर्त्याची निष्ठा आपल्याही लोकांनी तेथेच पाहिली. पुढे जनता पक्ष झाला आणि दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तो मोडला, हा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. पक्ष मोडला तरी त्या सहवासातून आलेली परस्परांविषयीची जाण सगळीच पुसली गेली नाही. ‘साता उत्तराची कहाणी’ या प्रधानांच्या ग्रंथात निरनिराळ्या राजकीय प्रवाहांतील माणसे आपापली बाजू मांडतात आणि त्यांत हिंदुत्वाच्या प्रवाहालाही बोलू दिले आहे. जे आपल्याला पटत नाही, तेही विद्यार्थ्यापुढे नीट मांडायचे, हा चांगल्या मास्तरांचा धर्म असतो. प्रधानांनी तो राजकारणात आणि लेखनातही पाळला.

म्हाळगींचा उल्लेख येथे ओघात केलेला नाही. ते वकील होते, शिक्षक नव्हते; पण आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांसमोर ठेवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. विद्यार्थ्याने वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तक घरी दाखवावे, तसा हा लोकप्रतिनिधी आपले प्रगतिपुस्तक मतदाराच्या हाती देत असे. एक समाजवादी, दुसरा जनसंघाचा. दोघांचे मार्ग भिन्न, पण निवडून येणे म्हणजे उत्तरदायी होणे, याविषयी दोघांचे एकमत होते. आजच्या किती आमदारांचे असे प्रगतिपुस्तक आपल्या घरी येते? आणि आले नाही म्हणून आपण कधी मागितले आहे काय?

येथे विषय मास्तरांकडून आपल्याकडे वळतो. प्रधानांसारखा माणूस अठरा वर्षे सभागृहात राहिला, याचे श्रेय जितके त्यांचे, तितकेच त्यांना निवडणाऱ्या पदवीधरांचे होते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा हा मतदारसंघ. पुढे येथून प्रकाश जावडेकर, चंद्रकांत पाटील निवडून गेले आणि २०२० साली राष्ट्रवादीचे अरुण लाड विजयी झाले. पक्ष बदलत राहतात, ते लोकशाहीला धरूनच आहे. चिंता वाटते ती पक्षाच्या बदलाची नव्हे, तर मतदाराच्या उदासीनतेची.

याचा कबुलीजबाब प्रथम मीच देतो. १ डिसेंबर २०२० रोजी मी मोठ्या उत्साहाने मतदान केंद्रावर गेलो आणि यादीत माझे नाव नव्हते. चूक कोणाची? माझीच. मागच्या वेळी नाव होते, म्हणजे याही वेळी असणार, असे मी गृहीत धरले होते. विधानसभेची यादी आणि पदवीधरांची यादी वेगळी असते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते; जुनी नोंद चालत नाही. पात्रतेच्या १ नोव्हेंबर या तारखेपूर्वी किमान तीन वर्षे पदवी प्राप्त झालेली असावी लागते. पदवीधरांनी १८ क्रमांकाचा आणि शिक्षकांनी १९ क्रमांकाचा अर्ज भरावयाचा असतो. पत्रकार म्हणून मिरविणाऱ्या मला हे ठाऊक नसावे, याची लाज त्या दिवशी वाटली. घरी परतताना वडिलांचे ते वाक्य आठवले. बोलायचे कसे ते मी शिकलो होतो. मत देण्याची वेळ आली तेव्हा मात्र मी गैरहजर ठरलो.

सुशिक्षित मतदार असा घरी बसला की, त्याची जागा रिकामी राहत नाही. ती यंत्रणा भरून काढते. ज्याच्याजवळ संस्थांचे जाळे, गाड्या आणि नोंदणीसाठी राबणारी माणसे आहेत, त्याचे पारडे आपोआप जड होते. मग पक्षही उमेदवार शोधताना विद्वत्तेपेक्षा जाळे पाहतात. हे सर्वच पक्षांना लागू आहे. आपल्या विचारांच्या पक्षालाही त्यातून सूट देण्याचे कारण नाही. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधरच असला पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच तसा निर्वाळा दिला आहे. म्हणजे उमेदवाराची गुणवत्ता कायदा ठरविणार नाही. ती पाहण्याचे काम मतदाराचेच आहे. परीक्षकच परीक्षेला गैरहजर राहिला, तर निकालाविषयी कुरकुर करण्याचा अधिकार त्याला उरतो काय?

विधान परिषद हवीच कशाला, हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. पश्चिम बंगाल, पंजाब, तमिळनाडू या राज्यांनी आपापली परिषद बरखास्त केली. महाराष्ट्रात ती टिकून आहे. ज्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना जन्माला आली, ते वि. स. पागे याच परिषदेचे अठरा वर्षे सभापती होते, आणि प्रधानांच्या कारकिर्दीची पहिली बारा वर्षे पाग्यांच्याच सभापतित्वाखाली गेली. वरिष्ठ सभागृह वरिष्ठ ठरते ते अशा माणसांमुळे. ती माणसे तेथे गेली नाहीत, तर ते केवळ पराभूतांच्या पुनर्वसनाचे ठिकाण होईल आणि मग ते बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर देणे अवघड जाईल.

१९८४ साली परिषदेतून बाहेर पडल्यावर प्रधान मास्तरांनी ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन केले. अखेरची वर्षे त्यांनी हडपसरच्या साने गुरुजी रुग्णालयात काढली आणि २९ मे २०१० रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे विचार आपल्याला मान्य नसतील, नसोत. त्यांच्या तोडीचा, पण आपल्या विचारांचा मास्तर सभागृहात पाठवावा, अशी ईर्ष्या तरी आपल्या मनात निर्माण व्हावी.

२०२० च्या त्या निवडणुकीची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर दर सहा वर्षांनी ही संधी येत राहणार. शाखेत, महिला मंडळात, सोसायटीच्या बैठकीत एवढेच विचारावे की, आपल्यापैकी किती पदवीधरांची नोंद झाली आहे? ज्याची झाली नसेल, त्याच्यासोबत बसून अर्ज भरावा. घरातील पदवीधर सूनबाईंचा अर्ज राहिला आहे का, हेही पाहावे. पेटीतील पदवीचा कागद वर्षानुवर्षे घडी न मोडता पडून असतो; सहा वर्षांतून एकदा तरी तो बाहेर काढावा.