नाल्याचा काठ मोडू नका



आपल्या गावचा नाला उन्हाळ्यात कोरडा असतो. म्हणून त्याचा काठ म्हणजे रिकामी जागा, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपूर शहरात मोठा पाऊस झाला. काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाणी पडले. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीला पूर आला. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट या वस्त्यांत लोक झोपेत असताना घरात पाणी शिरले. काही माणसे दगावली. पाऊस मोठा होता हे खरे. पण नदीकाठी घरे, भिंती आणि सिमेंटचे रस्ते. मग पाण्याने पसरावे कुठे आणि मुरावे कुठे?

नाग नदी पुढे कन्हानला मिळते. आपला नालाही कन्हानलाच जातो. त्याच्या काठावर अजून करंज, जांभूळ, बांबू आणि गवत आहे. मुळे माती धरून ठेवतात. गवत पाण्याचा जोर कमी करते. पाणी हळू चालले की जमिनीत मुरते, विहिरीलाही कामी येते. कोकणात खाडीकाठची तिवराची झाडे लाटांचा मारा अंगावर घेतात. म्हणून ती तोडायला बंदी आहे.

आमचे वावर नाल्याला लागून आहे. यंदा काठ मोडून पेरायचे बाबांच्या मनात आहे. ते म्हणतात, "झाडाच्या सावलीत पऱ्हाटी होत नाही." हे खरे आहे. आमचे वावर लहान आहे, हेही खरे. पण खालच्या अंगाला काठ मोडला होता, तिथला धुरा पहिल्याच पुरात खचला. मातीसंगं पऱ्हाटीही गेली. आजी म्हणते, "पाण्याची वाट अडवली तं ते घरातून वाट काढते."

झाडांनी सगळाच पूर थांबतो असे नाही. तरी माझे मत असे की, नाल्याकाठी दहा पावले जागा सोडावी. काठ खचला तिथे वाळा आणि बांबू लावावा. नाल्यात कचरा टाकू नये. करंजाची रोपे आम्ही सातवीची मुले तयार करू.

बाबा, तुम्ही आज शाळेत येणार आहात. घरी बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिले. नांगर घालण्याआधी एकदा माझ्यासंगं नाल्यावर चला.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी