माळ्यावरच्या वह्या

दिवाळींतील वहीपूजन आपल्याकडे अजून थाटानें होतें. परंतु पूजिलेली वही पुढें कोठें जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती माळ्यावर जाते, आणि वांटणीच्या वेळीं तेथून रद्दीवाल्याच्या तराजूंत पडते. वाशीम, कारंजा, रिसोड या बाजूच्या वाड्यांतून तरी असें होऊं नये, असें आम्हांस मनापासून वाटतें.

अमेरिकेंत 1861 पासून 1865 पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां विलायतेच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेना, व वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. युद्ध संपलें आणि भाव कोसळले. मुंबईंतील पेढ्या बुडाल्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पण चढत्या भावाच्या भरंवशावर ज्या कुणब्यानें कर्ज उचललें, त्याचें काय झालें? मुंबईचा दर 784 रत्तलांच्या खंडीवर निघे, तो छापील अहवालांत सांपडतो. त्यांतलें शेतकऱ्याच्या पदरीं किती पडलें, तें मात्र सावकाराच्या रोजकीर्दींत व खतावणींतच पाहावें लागतें.

दूरचें एक उदाहरण देतों. खारवलेल्या माशाचें नांव काढतांच आमच्या वाचक भगिनी नाक मुरडतील, त्यांनीं क्षमा करावी! कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर कॉड नांवाचा मासा खारवून वाळवीत. तेथील व्यापारी वसंतांत कोळ्यास पीठ, मीठ, दोर उधार देई, आणि शरदांत त्याचा मासा आपण ठरविलेल्या भावानें जमेस धरी. रोख पैसा कोळ्याच्या दृष्टीस क्वचितच पडे. हें आज कळतें तें त्या पेढ्यांच्या खातेवह्या सेंट जॉन्सच्या दप्तरखान्यांत जपल्या म्हणून.

वह्या बाहेर आल्या तर पूर्वजांची सावकारी उघडी पडेल, अशी भीति कित्येकांस वाटते. पडूं द्यावी. 1875 सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत रयतेनें सावकारांचे रोखे जाळले, ते संतापानें; सुशिक्षित घराण्यांनीं तेंच काम आळसानें करावें काय?

वही सांपडल्यास ती उन्हांत टाकूं नये, फाटक्या पानास चिकटपट्टी लावूं नये. वऱ्हाडांतील जुन्या कागदांवर पुष्कळदां फसली सन असतो. त्यांत 590 मिळवावे, म्हणजे फसली 1271 हें 1861-62 होतें. मजकूर मोडींत असल्यास 1910 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करावी. घरांत मोडी वाचणारें कोणी वडील माणूस असेल, तर आधीं त्यांच्यापुढें वही ठेवावी आणि शेजारीं नातवंडास लेखणी देऊन बसवावें.