पेटीतील उष्मा

फवारणीवरील भिस्त कमी करू पाहणाऱ्या बागायतदाराने कीटकभक्षी वटवाघळांसाठी स्वहस्ते लाकडी पेटी बांधावी, हा विचार आम्हांस सर्वथा स्तुत्य वाटतो. फळांवर ताव मारणारी मोठी वटवाघळे अशा पेटीत वस्तीला येत नाहीत, तेव्हा त्या भयाने कोणी मागे सरण्याचे कारण नाही. परंतु पेटी टांगली म्हणजे वस्ती झालीच, अशा समजुतीने जो या उद्योगास लागेल त्याने प्रथम शुगरलोफची हकीकत ऐकावी. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून १९११ साली मिचेल सरोवराकाठी वटवाघळांचा मनोरा उभारला, तो नांदता झाला; त्यांचेच नकाशे घेऊन रिक्टर पर्की यांनी १९२९ साली फ्लॉरिडातील शुगरलोफ बेटावर तसाच मनोरा बांधला, पण तेथे वस्ती अशी झालीच नाही, आणि २०१७ च्या चक्रीवादळाने तो जमीनदोस्त केला. नकाशा तोच होता. मुलूख निराळा होता.

परदेशी पुस्तिकांतील मापे जशीच्या तशी घेण्यास आमची हरकत नाही. उंची निदान दोन फूट, रुंदी सव्वा फूट, आतील फटी पाऊण ते एक इंच, नखे रुतावीत म्हणून फळ्यांवर आडव्या खाचा, तळ उघडा, त्याखाली चार-सहा इंच पुढे उतरलेली खरबरीत फळी, आणि रसायन पाजलेले लाकूड सर्वस्वी वर्ज्य: एवढे कोणत्याही सुताराच्या हातचे आहे. घात होतो तो रंगात आणि दिशेत. थंड मुलखात पेटीस काळा रंग देऊन ती दिवसभर उन्हात ठेवावी असे सांगतात, ते तेथे रास्तच आहे, कारण माद्या व पिले यांना साधारण २७ ते ३८ अंशांची ऊब लागते. पण नागपूर-चंद्रपूरकडे, जेथे वैशाखात सावलीतला पारादेखील ४५ अंशांवर चढतो, तेथे तीच काळी पेटी म्हणजे पिलांची भट्टी होय. तेथे पांढरा किंवा फिकट रंग, तळापासून सहा इंचांवर अर्ध्या इंचाची वायुरंध्राची चीर, सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी भिंतीची वा पत्र्याची सावली, एवढी तजवीज हवीच. महाबळेश्वरी मात्र हा हिशेब उलटा मांडावा लागेल. शक्य तर दोन पेट्या दोन दिशांना तोंड करून लावाव्यात आणि निवड राहणाऱ्यांवर सोपवावी. झाडापेक्षा भिंत किंवा खांब बरा, जमिनीपासून बारा ते वीस फुटांवर, समोर वीसेक फूट मोकळे, आणि रात्री दिव्याचा झोत नको.

यापुढचे काम देखरेखीचे, आणि आमच्या मते तेच खरे काम. दिवेलागणीस दूर बसून बाहेर पडणारी वटवाघळे मोजावीत, पेटीखालील लेंड्या पाहाव्यात, शेजारी कमाल-किमान तापमापक ठेवून पारा नोंदवावा. भर दुपारी ती तळाच्या तोंडाशी दाटून लोंबू लागली, किंवा पिलू खाली पडलेले आढळले, तर उष्मा असह्य झाला असे समजून बाहेरून सावली करावी. पिले असताना पेटी हलवू नये, आणि रेबीजचा संभव लक्षात घेता उघड्या हाताने कोणत्याही वटवाघळाला स्पर्श करू नये. पहिले वर्ष रिते गेले तरी पेटी उतरवू नये. दोन वर्षे लोटल्यावर मग जागा बदलावी.

वाचकांनी आपापल्या पेटीचा रंग, दिशा, उंची व वैशाखातील पारा यांचा तपशील आमच्या कार्यालयाकडे अवश्य पाठवावा, आणि जी पेटी रिकामी राहिली तिचा तर आधी पाठवावा.