थांबलेल्या ट्रकची मजुरी कोण देणार?

"सर, वह्यांचे पैसे अब्बा आल्यावर देते." 2025च्या सप्टेंबरात माझ्या वर्गातली एक मुलगी मान खाली घालून म्हणाली. तिचे अब्बा काश्मीरहून सफरचंदांचा ट्रक घेऊन निघाले होते. पावसाने जम्मू-श्रीनगर महामार्ग खचला आणि ते कितीतरी दिवस चिखलात, ट्रकच्या रांगेत अडकून पडले.

बातम्यांत सडलेली सफरचंदं दिसली, रडणारे बागायतदार दिसले. त्यांचं दुःख खरंच आहे. पण केबिनमधल्या माणसाला कोणी विचारलं? ट्रिपच्या हिशेबाने राबणाऱ्याला थांबलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. जेवणखाण खिशातून, माल नासला तर बोलणीही त्यालाच.

लोक म्हणतात, निसर्गापुढे कोणाचं चालतं? बरोबर. पण पाऊस निसर्ग पाडतो, नुकसान कोणी सोसायचं हे माणसं ठरवतात!

हिवाळ्यात तर आणखी कठीण. झोजिला घाट 3,528 मीटर उंचीवर. रस्त्यावरचं पाणी गोठून काच होते. ब्रेक दाबला की चाक थांबतं, ट्रक घसरतच राहतो. म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या बांधायच्या आणि खालच्या गिअरमध्ये जीव मुठीत धरून उतरायचं. थंडीने डिझेल घट्ट झालं की टाकीखाली जाळ करण्याचा जीवघेणा उपायही काही जण करतात. आणि आपण याला अडाण्याचं काम म्हणतो. मी बीएड आहे, मला ते जमणार नाही.

कायदा होता. 1961चा मोटार परिवहन कामगार कायदा 2025मध्ये रद्द होईपर्यंत दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालत होता. पण तो साधारणपणे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक-दोन ट्रकचा मालक सुटला. शिक्षेच्या वेळी मात्र ड्रायव्हर सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये अपघातानंतर न कळवता पळाल्यास 10 वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला, तेव्हा कुठे ते कलम थांबलं.

माझी मागणी साधी आहे. रस्ता बंद पडल्यास ड्रायव्हरला रोजचा भत्ता मिळेल, हे बिल्टीवरच लिहा. त्यामुळे आपलं सफरचंद थोडं महाग झालं तर होऊ द्या.

वह्या मी घेऊन दिल्या. पण ती माझी मेहरबानी झाली. तिच्या अब्बांना मेहरबानी नको, मजुरी हवी.